टाचेवरची मेंढरं

माणसाची खरी कुंडली त्याच्या टाचेत लिहिलेली असते असं मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि माझ्या दुर्दैवानं तो माझ्या बायकोचा मामा निघाला. दुर्दैवानं अशासाठी, की लग्न ठरवायला जी माणसं सांगलीला आमच्या घरी आली होती त्यांत हे मामा होते. बाकीच्यांनी माझं शिक्षण विचारलं, नोकरी कायम आहे का ते विचारलं, घर स्वतःचं की भाड्याचं ते विचारलं. मामा कोपऱ्यात सतरंजीवर मांडी घालून बसले होते, त्यांनी काहीच विचारलं नाही. चहा झाल्यावर मात्र उठले, मला अंगणात घेऊन गेले आणि म्हणाले, "त्या नळापतुर जाऊन या बघू." मला वाटलं पाणी हवं असेल, म्हणून मी तांब्या उचलला. "तांब्या न्हाई. नुसतं जावा आन या." मी गेलो, आलो. मग भरभर जाऊन यायला सांगितलं, मग अनवाणी. तोवर गल्लीतली अर्धी माणसं कठड्यावर जमली होती आणि माझे वडील आत बसून कपाळाचा घाम पुसत होते. मामांनी खाली वाकून धुळीत उमटलेली माझी पावलं नीट पाहिली, आत गेले आणि सगळ्यांदेखत निकाल दिला, "डाव्या अंगाला जरा झुकतंय, पर कळप सोडून जानारं न्हाई. द्या पोरगी." एवढी मोलाची शिफारस मला त्यानंतर कुणीही दिली नाही. मी सोडायचं म्हटलं तरी कळप सोडत नाही, हा भाग वेगळा.

मामांचा तरी काय दोष. कवठे महांकाळच्या पुढच्या कोरड्या रानातलं मेंढपाळाचं घर. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन पश्चिमेला निघायचं, औंध करत, मेढ्यावरून कोकणात उतरायचं आणि पावसाच्या तोंडाला परत यायचं, हा पिढ्यांचा शिरस्ता. मामांचा जन्मही म्हणे अशाच एका खेपेत मेढ्याच्या अलीकडं ओढ्याकाठी झाला. शाळेत त्यांचं नाव घातलं होतं, पण शाळा एका जागी उभी राहायची आणि मामा चालायचे, त्यामुळं दोघांची गाठ क्वचितच पडली. कळपात एखादी मेंढी दुखऱ्या पायावर आली की तिची मान किंचित हलते. ती मान मामांना अर्ध्या मैलावरून दिसायची. पुढं सवयीनं त्यांना माणसांच्याही माना दिसायला लागल्या. लग्नाच्या मांडवात सगळे नवरा-नवरीकडं बघत असायचे तेव्हा मामा वऱ्हाडाच्या पायांकडं बघत असायचे. माझ्या मेहुणीच्या लग्नात त्यांनी व्याह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की तुमच्या उजव्या बुटात खिळा वर आलाय. व्याह्यांनी बूट काढून पाहिला, आणि खिळा होता. तेव्हापासून ते व्याही मामांच्या समोर कायम अनवाणी येतात. मला भेटले की मामा "कसं काय" असं कधीच विचारत नसत. आधी पायांकडं बघायचे, मग तोंडाकडं, आणि म्हणायचे, "वजन वाढलंय जावईबापू, टाच सांगती."

वाहनात बसणं त्यांना मानवत नसे. कवठे महांकाळहून सांगलीला आमच्याकडं यायचं तर एसटी दारात उभी असायची, पण मामा आदल्या दिवशी पहाटे चालत निघायचे आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला, अंगावर घोंगडं, हातात काठी, असे आमच्या दारात हजर व्हायचे. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "गाडीत बसलं की पायास्नी कळत न्हाई आपन कुटं आलो. मग त्ये रातभर जागं ऱ्हात्यात." मी त्या रात्री माझ्या पायांकडं बघून घेतलं. ते गाढ झोपले होते.

दुसरी एक खोड सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. मामा कधीही काहीही मोजत नसत. जित्राब मोजलं की घटतं, ही त्यांच्या घरातली जुनी समजूत. संध्याकाळी कळप परतला की ते वाड्याच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या कुंपणाच्या, तोंडाशी उभे राहायचे आणि आत शिरणाऱ्या प्रत्येक मेंढीचं नाव तोंडातल्या तोंडात घ्यायचे. काळतोंडी, भुरी, टिकली, बोडकी, कानतुटी. सगळी नावं घेऊन झाली की कळप पुरा. एखादं नाव ओठांवरच राहिलं तर ती मेंढी मागं राहिली असं समजायचं आणि काठी घेऊन शोधायला निघायचं. मेंढी गेली तरी नाव जात नसे, ते तिच्या लेकीला लागायचं. हा नियम त्यांनी सगळ्या संसाराला लावला होता. आमच्या लग्नात सासूबाईंनी, म्हणजे त्यांच्या बहिणीनं, विचारलं, तुझ्याकडून जेवायला किती माणसं. मामांनी अर्धा तास नावंच सांगितली. आचारी पळी हातात धरून ऐकत उभा, आणि शेवटी त्यानं कंटाळून अंदाजानं भात टाकला तो बरोबर पुरला.

मग मामींना दमा लागला. लोकर आणि धूळ यांपासून लांब राहा, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि मामांनी त्याच आठवड्यात आपला सगळा कळप धाकट्या भावाच्या हवाली केला. या भावाला घरात सगळे तात्या म्हणतात. मामांनी त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही. मामींसमोर तर नाहीच. फक्त एक गोष्ट सोडली नाही. दरवर्षी दिवाळीनंतर तात्या कळप घेऊन निघाला की मामा त्याच्याबरोबर औंधपर्यंत चालत जायचे. सात-आठ मुक्कामांची वाट. औंधला यमाईच्या डोंगराच्या पायथ्याला नारळ फोडायचा, मेंढरांवर एकदा नजर फिरवायची आणि एकट्यानं चालत परत यायचं. मामी होत्या तोवर त्या म्हणायच्या, "माझी सवत घालवाय गेल्यात." मामी गेल्यावरही मामांनी ती वाट एकदाही चुकवली नाही.

आणि अशा माणसाची टाच गेली.

म्हणजे एका दिवसात गेली नाही. टाचेच्या मागं जी जाड शीर वर पोटरीकडं जाते, ती आधी सकाळी सकाळी आखडायची. अंथरुणातून उठल्यावर पहिली वीस-पंचवीस पावलं मामा काठीसारखा पाय टाकायचे, मग तो जरा सैल व्हायचा, संध्याकाळी पुन्हा ठणकायचा. शिरेवर चिंचोक्याएवढी गाठ आली, वर्षभरात ती सुपारीएवढी झाली. मामांनी रुईचं पान गरम करून बांधलं, विटेनं शेकलं, बिब्बा लावून घेतला. शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्याकडून डाग देऊन घेतला. एका डॉक्टरांनी सुई टोचली, तिनं पंधरा दिवस स्वर्ग दाखवला आणि सोळाव्या दिवशी खाली आणून सोडलं. जगभराच्या टाचा बघणाऱ्या माणसाला स्वतःची टाच मात्र मान वळवल्याशिवाय दिसत नव्हती.

इथं माझी एन्ट्री झाली, आणि घरच्या कोणत्याही गोष्टीत माझी एन्ट्री झाली की ती गोष्ट बिघडते. मी मोठ्या अधिकारानं सांगितलं, की आयुष्यभर पाय झिजवलेत, आता त्यांना पूर्ण आराम द्या. जेठ संपता संपता मी स्वतः गाडी घेऊन गेलो, मामांना मागच्या सीटवर पाय लांब करून बसवलं आणि सांगलीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणून ठेवलं. महिनाभर मी त्यांना बाल्कनीतल्या खुर्चीवरून उठू दिलं नाही. चहा जागेवर, जेवण जागेवर. तंगड्यांखाली उशी. मामांनी तिथं बसून खालच्या अंगणातून जाणाऱ्या-येणाऱ्यांची तपासणी सुरू केली. सोसायटीचे सेक्रेटरी उजवा खांदा पाडून चालतात, तेव्हा या माणसाच्या मनावर काहीतरी ओझं आहे, असं त्यांनी मला दबक्या आवाजात सांगितलं. मी चौकशी केली तर खिशात पाण्याच्या टाकीच्या, गच्चीच्या आणि पंपाच्या अशा सगळ्या किल्ल्यांचा अर्धा किलोचा जुडगा होता. "ओझं न्हाई का मग," मामा म्हणाले. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंना त्यांनी वरूनच ओरडून सांगितलं, की डाव्या तळव्याला भोवरी झालीय, ती काढून घ्या. बाईंनी काढून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी खालून एक वाटी शिरा आला. पण स्वतः मामा खुर्चीतून उठताना आता दोन्ही हातांनी कठडा धरत. महिनाभराच्या माझ्या आरामानं ती शीर बरी व्हायची सोडून वाळल्या वादीसारखी झाली होती.

अशात एक दिवस तात्या भेटायला आला. गूळपाणी झालं, इकडचं तिकडचं झालं. मग तात्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. पोरं पुण्यात टेम्पो चालवतात, परत यायची नाहीत, जिथं तिथं द्राक्षाच्या बागा आणि तारेची कुंपणं, मेंढरू चारायला वाट उरलेली नाही, असं सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "दादा, ह्या दिवाळीची खेप शेवटची. परत आलो की कळप इकनार हाय."

मामा तात्याला जिन्यापर्यंत सोडायला गेले, तेवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणायला दार उघडलं, तर मामा जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसले होते. खाली उतरून बघायचं म्हणून निघाले होते आणि दोन पायऱ्यांत थांबले होते. दोन्ही हातांत टाच धरली होती, जखमी पाखरू धरावं तशी. "जावईबापू," ते म्हणाले, "ह्येला काय तरी करा. मला औंधापतुर जायाचं हाय." इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडं काही मागितलेलं ते पहिलंच.

माझ्या ऑफिसातल्या एका मित्राची भाची फिजिओथेरपीचा दवाखाना चालवते. तिशीच्या आतली, बोलायला गोड आणि ऐकायला कडक. तिनं मामांना पालथं झोपवलं, शीर दोन बोटांत धरून वरपासून खालपर्यंत चाचपली, आणि किती दुखतं ते शून्य ते दहामध्ये सांगा म्हणाली. मामा माझ्याकडं बघायला लागले. मोजायचं कसं? शेवटी म्हणाले, "शेरडानं दावणीला बोट चावावं, येवढं." तिनं शांतपणे कागदावर सहा लिहिलं.

मग तिनं समजावून सांगितलं, आणि मामांपेक्षा जास्त मलाच कळलं, की मी महिनाभर काय करून ठेवलं होतं. ही नुसती सूज नव्हे, म्हणून बर्फानं किंवा शेकानं जायची नाही. शिरेत बारीक बारीक तंतू असतात, सगळे एका दिशेनं, एकमेकांना धरून. वर्षानुवर्षांच्या ओढीनं ते विस्कटतात. शरीर दुरुस्तीला धावतं, पण नवे तंतू वेडेवाकडे घालतं. मधल्या पोकळीत नको त्या रक्तवाहिन्या आणि नसा शिरतात, म्हणून शीर जाड होते आणि दुखते. सुईनं दुखणं झाकतं, पण तंतू सरळ होत नाहीत. आणि पूर्ण आराम दिला की उरलेसुरलेही दुबळे होतात. हे शेवटचं वाक्य तिनं माझ्याकडं बघून म्हटलं. उपाय एकच. शिरेला हळूहळू वजन द्यायचं, खाली जाताना द्यायचं, रोज द्यायचं. ज्या दिशेनं ओढ बसते त्या दिशेनं नवे तंतू बसतात. तीन महिने तरी लागतील.

मी मामांकडं पाहिलं. मला वाटलं, त्यांना यातलं काही उमगलं नसणार. तर मामा उठून बसले होते आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदा उजळला होता. "चाती," ते म्हणाले. त्यांच्या आई लोकर कातायच्या ती लोंबती टकळी म्हणजे चाती. तिच्या बुडाला मातीची चकती असते. "चातीला वजन नसंल तर लोकर नुसती फुगून बसती, पोरी. वजनानं खाली जाती तवाच पीळ बसतो. माझा पीळ गेलाय म्हना की." ती पोरगी हसली आणि म्हणाली, की मला कॉलेजात चार वर्षांत इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं.

व्यायाम अगदी साधा. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, टाचा अधांतरी. दोन्ही पायांनी वर यायचं आणि दुखऱ्या पायावर सगळा भार टाकून टाच हळूहळू पायरीच्याही खाली न्यायची. असं पंधरा वेळा. पंधराच्या तीन फेऱ्या, सकाळी आणि संध्याकाळी. थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं नको. मामांनी मान डोलावली आणि आमच्या जिन्याची तिसरी पायरी त्यांच्या मालकीची झाली. सोसायटीतली माणसं चढता-उतरताना आपोआप कडेनं जायला लागली. मामा कठडा धरून, डोळे मिटून, ओठ हलवत खाली जायचे, वर यायचे. मला वाटायचं, देवाचं नाव घेत असतील. बायको कौतुकानं म्हणायची, मामाची श्रद्धा बघा.

तीन आठवड्यांनी टाच कमी व्हायच्या ऐवजी पेटली. गाठ लाल झाली, सकाळची पंचवीस पावलं शंभरावर गेली. मामा तरीही पायरी सोडायला तयार नाहीत. दिवाळी जवळ येत होती. आम्ही पुन्हा दवाखान्यात गेलो. तिनं सगळं विचारलं, काही सापडेना. शेवटी म्हणाली, "मामा, मला करून दाखवा." तिथं लाकडी पायरी होती. मामा उभे राहिले, डोळे मिटले आणि सुरू झाले. तिनं दहा-पंधरा बघितल्यावर थांबा म्हणायला तोंड उघडलं, पण मामा थांबेनात. वीस झाले, पंचवीस झाले. पाठीमागं हात धरून ती बोटांवर मोजत होती, ते मला दिसत होतं. त्रेचाळीस झाल्यावर मामांनी डोळे उघडले. "ही एक फेरी," ते म्हणाले. "अशा आजून दोन."

मी पुढं जाऊन विचारलं, की मामा, तुम्ही तोंडात काय म्हणता? मामा जरा ओशाळले. मोजायचं नाही, म्हणून नावं घेत होते. काळतोंडी, भुरी, टिकली, बोडकी. वर येताना एक नाव, खाली जाताना तीच मेंढी वाड्यात. कळप जसा त्या दिवशी तात्याच्या हवाली केला होता तसाच्या तसा, सगळाच्या सगळा, आमच्या जिन्यावरून दिवसातून सहा वेळा जात होता.

"मामा, पंधराच घ्यायची होती," ती म्हणाली.

"व्हय, आयकलं मी. पन कुनाला गाळू, पोरी?"

तिनं माझ्याकडं मुळी बघितलंच नाही, बरं केलं. बराच वेळ तिनं त्या शिरेवर हात ठेवला आणि मग मामांच्याच भाषेत शिरली. म्हणाली, की चातीला वजन हवं, पण चकती फार जड झाली तर काय होतं? "धागा तुटतो," मामा म्हणाले. मग ती म्हणाली, की कुणालाच गाळू नका. एवढा कळप एकदम अरुंद वाटेनं काढायचाच नसतो ना? तीन भाग करा. पहिला भाग नेला की दोन मिनिटं बसा, मग दुसरा, मग तिसरा. सकाळी चरायला सोडायचा, संध्याकाळी परत आणायचा. कळप दिवसातून दोनदाच गेला पाहिजे, सहा वेळा नाही.

मामांना ते एकदम पटलं. ते अशा छोट्या घोळक्याला खांड म्हणतात. त्यांनी तिथल्या तिथं बाकावर बसून तीन खांडं पाडली. कोण कुणाबरोबर चरते, कोण कुणाला ढुशी मारते, सगळा विचार करून. मामींची आवडती एक लाडी नावाची मेंढी होती, तिला पहिल्या खांडात घातलं. तिसऱ्या खांडाशी आल्यावर ती पोरगी हळूच म्हणाली, की यात दोन कमी पडतात. मामांनी एक क्षणही विचार केला नाही. "हरणी आन पवळी गाभण हायत. त्यास्नी दोनदा घेतो."

त्यानंतर शीर ऐकायला लागली. गणपती गेले, नवरात्र गेलं, सकाळची पावलं शंभरावरून चाळीसवर आणि चाळीसवरून दहावर आली. ही पावलं अर्थातच मी मोजायचो, मनात. दिवाळीच्या आधी तिनं शेवटचं तपासलं आणि स्पष्ट सांगितलं, की सात-आठ मुक्काम नाही जमणार. मामांनी मला पुढं केलं. मी वकिली केली. ती एका कोसावर तयार झाली, तीही सपाट वाटेनं.

म्हणून मग त्या वर्षी असं झालं, की तात्या कळप घेऊन कवठे महांकाळहून नेहमीसारखा निघाला आणि आठवड्यानं मी मामांना गाडीत घालून औंधच्या अलीकडं एका कोसावर नेऊन उभं केलं. मामा रस्त्याच्या कडेला काठी टेकून उभे राहिले. दुपार कलत आली तेव्हा लांबून धूळ दिसली, मग घंटा ऐकू आल्या, मग तात्याचं मुंडासं. मी सावधगिरीनं गाडी कळपामागून हळूहळू घेत होतो, मामा थकले तर बसवायला. वीस पावलांवर मामा वळले. "गाडी मागं घ्या जावईबापू, मेंढरं बुजत्यात." म्हणजे मला गाडी लावून चालावं लागलं. ऑफिसच्या बुटांत. मेंढरांच्या मागं तो एक कोस मी ज्या रीतीनं चाललो ते बघून तात्याचं कुत्रं दोनदा मला हाकायला आलं.

मामा मात्र चालत होते. एरवीपेक्षा हळू, पण टाच पुरी टेकून. चालता चालता काठीनं दाखवत होते, ही काळतोंडीची नात, ती भुरीची पणती, ही बोडकीच्या घरातली, बघा कशी ढुशी देती. बहुतेकींनी नावं तीच घेतली होती. पायथ्याला पोचल्यावर नारळ फोडला. तात्यानं खोबऱ्याचा तुकडा मामांच्या हातात दिला आणि काही बोलायचं म्हणून घसा खाकरला. मामांनी त्याला बोलू दिलं नाही. "त्या टिकलीच्या मागल्या पायात काटा हाय," ते म्हणाले. "काढ. लांब जायाचं हाय तिला." तात्यानं टिकलीला मांडीत धरलं, काटा काढला, मामांना दाखवला. मामांनी तो चिमटीत घेऊन पाहिला आणि खिशात टाकला. मग ते गाडीत येऊन बसले. पुढच्या सीटवर.

पावसाच्या तोंडाला तात्या परत आला आणि कळप विकला. मामा तोवर आपल्या गावी गेले होते. फिजिओथेरपीवाल्या पोरीनं फोन करून सांगितलं, की आता शीर चांगली आहे, आठवड्यातून दोन-तीनदा केलं तरी पुरे. मामांनी तिचे आभार मानले, आणि रोज दोन्ही वेळा चालू ठेवलं. गोठ्यापुढच्या दगडी पायरीवर. मी विचारलं तर म्हणाले, "बंद केलं तर त्या जातील कुटं?"

आता माझी पाळी. त्या कोसभराच्या चालण्यानं म्हणा, किंवा पंधरा वर्षं खुर्चीत बसून वाढवलेल्या वजनानं म्हणा, या वर्षी माझीच टाच सकाळी काठीसारखी व्हायला लागली. त्याच पोरीनं माझी तीच शीर चाचपली आणि तोच व्यायाम दिला, वर विचारलं, की महिनाभर आराम वगैरे नाही ना केला? मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभा राहून एक, दोन, तीन करायला लागलो. फोनवर मामांना सांगितलं, तर पलीकडून चुकचुकल्याचा आवाज आला. आकडे म्हणून शीर कशी बरी होईल, असं त्यांच्या मनात असणार. शेवटी म्हणाले, "आता मला तिन्ही खांडं न्हाई झेपत. दम लागतो. शेवटचं खांड तुमी सांभाळा."

आणि त्यांनी फोनवरच नावं सांगितली. मी ऑफिसच्या डायरीत लिहून घेतली, मग पाठ केली. तेरा नावं, हरणी आणि पवळी दोनदा. त्या दोघी गेली कित्येक वर्षं गाभण आहेत, कधी विणार हे विचारायचं धाडस मला झालेलं नाही. रोज ऑफिसातून आल्यावर मी तिसऱ्या पायरीवर उभा राहतो. त्याच एका खांडाला मी तीनदा आणतो, नाहीतर माझी पंचेचाळीस कशी भरायची. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी बायकोला विचारलं म्हणे, साहेब संध्याकाळी कुठला जप करतात. बायकोनं सांगितलं, मेंढरं आणतात. बाई आता माझ्याशी फार जपून बोलतात.

सातच्या सुमाराला मामांचा फोन येतो. इकडचं तिकडचं काही बोलणं नाही.

"आल्या का समद्या?"

"आल्या."

"लंगडी?"

लंगडी हे शेवटचं नाव. ती कायम मागं राहते. तोवर मलाही दम लागलेला असतो, हात कठड्यावर, टाच पायरीच्या खाली लोंबकळत. "येतीय," मी म्हणतो. "हाय जरा मागं." हे असं मी कधीपासून बोलायला लागलो, मला सांगता यायचं नाही.

"थांबा मग तिच्यासाटी," मामा म्हणतात. "घाई करू नगा."

आणि मग आम्ही दोघंही, फोन कानाला लावून, थोडा वेळ थांबतो.